टॉवरची बॅटरी किती तास चालते तेही कधीतरी छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

17 मे ला जागतिक दूरसंचार दिन असतो म्हणून तुमच्या पेपरने खास पुरवणी काढली होती, ती मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. 1865 साली त्याच तारखेला पॅरिसमध्ये तारायंत्राची आंतरराष्ट्रीय संघटना झाली म्हणून हा दिवस, ही माहिती आमच्या घरातल्या शाळेच्या पोरांनाही आवडली. फाइव्ह जीचा स्पीड, समुद्राखालून मुंबईला येणाऱ्या केबली, उपग्रहावरचं इंटरनेट, सगळं छान मांडलं होतं. फक्त वारा सुटून लाइट गेली की या सगळ्याचं काय होतं याबद्दल एक ओळ पण नव्हती, आणि आमच्यासाठी तोच सगळ्यात मोठा प्रश्न आहे म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा पण मधला भाग कापू नका.

मी मंडणगड तालुक्यात बाणकोट खाडीच्या बाजूला राहतो. आमच्याकडे मोबाइल नाही असं घर शोधावं लागेल. जानेवारी फेब्रुवारीत कोणी म्हटलं की कोकणात नेटवर्क पोचलंय तर मी पण हो म्हणेन, व्हिडिओ कॉल होतो, आंब्याच्या पेटीचे फोटो टाकले की पुण्याहून ऑर्डर येते, पैसे पण फोनवरच येतात. पण नेटवर्क आहे की नाही हे फेब्रुवारीत ठरवायचंच नसतं. ज्या दिवशी माणसाला खरोखर कोणाला तरी हाक मारायची असते त्या दिवशी ती हाक पोचली का, माझ्या मते दूरसंचाराचा अर्थ एवढाच आहे, बाकी सगळी सोय आहे. आणि त्या दिवशी ती पोचत नाही हे आम्ही 3 जून 2020 ला निसर्ग वादळात बघितलं आणि पुढच्याच वर्षी तौक्तेत परत बघितलं.

आता कोणी म्हणेल चार दिवस फोन नाही लागला तर काय बिघडतं, आमच्या लहानपणी कुठे होते फोन. हे बोलणं मला अजिबात पटत नाही. तेव्हा फोनवर काही चालतच नव्हतं. आज रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावायचा तर मशीनला नेटवर्क लागतं, ते नसलं की म्हाताऱ्या बायका पिशवी घेऊन दोन दोन वेळा चालत येतात आणि रिकाम्या जातात. बँकेत गेलं की लिंक नाही. सरकारी योजनेची ई-केवायसी करायची तर ओटीपी येतो तो फोनवर, आणि फोन घेऊन बाई उभी असते रेंजच्या जागेवर आणि लॅपटॉपवाला बसलेला असतो खाली बाजारात, ओटीपी ओरडून सांगेपर्यंत टाइम संपतो. शेतीचं अनुदान, शाळेचा दाखला, गॅसचं बुकिंग, सगळं त्या एका टॉवरला बांधून ठेवलंय. साप चावला तर 108 ला फोन करायचा, मारामारी झाली तर 112 ला. सरकारने स्वतःच सगळा कारभार फोनवर आणला ना, मग फोन चालू ठेवायची जबाबदारी पण तेवढीच मोठी झाली.

निसर्गचं सांगतो. वादळ दुपारी श्रीवर्धन दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि आम्ही खाडीच्या अलीकडे तेवढ्याच माऱ्यात. सकाळी फोन चालू होते, मुंबईहून सारखे कॉल येत होते की खिडक्या लावा, गुरं सोडून ठेवा, पत्र्याखाली बसू नका. लाइट आधीच गेली होती. मग फोनच्या कांड्या एकेक करत कमी झाल्या आणि दुपारनंतर सगळ्यांच्याच फोनवर नो सर्व्हिस. आमच्या घरात दोन कंपन्यांची सिमं आहेत, एक गेली तर दुसरी राहील म्हणून मुद्दाम घेतलेली, दोन्ही दोन-पाच मिनिटांच्या फरकाने गेली. संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर आलो तर सुपारीच्या बागा झोपलेल्या, आंब्याची झाडं मुळासकट आडवी, विजेचे खांब मोडून तारा रस्त्यावर, आणि आमच्यातलं कोणी जिवंत आहे की नाही हे मुंबईत कोणालाच माहीत नाही.

तेव्हा लॉकडाऊन होता हे लक्षात घ्या. एरवी अशा वेळी चाकरमानी रात्रीची गाडी पकडून सकाळी गावात हजर होतो. तेव्हा एसटी बंद, खासगी गाडीला ई-पास, त्यामुळे नालासोपारा, दिवा, विरार, लालबागला बसलेल्या माणसांकडे फोन लावत बसण्याशिवाय दुसरा इलाज नव्हता. माझी चुलत बहीण नालासोपाऱ्याला असते, तिची आई म्हणजे माझी काकी इथे वाडीत एकटी, कौलारू घर, कंबरेचं दुखणं. ताई नंतर सांगत होती की ती रात्रभर आईचा नंबर फिरवत होती, बाईचा तोच रेकॉर्ड केलेला आवाज, आपण डायल केलेला नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मग शेजाऱ्यांचा नंबर, मग सरपंचांचा, मग शाळेच्या गुरुजींचा, मग मंडणगडातल्या दुकानदाराचा, सगळीकडे तेच. टीव्हीवर श्रीवर्धनचे उडालेले पत्रे दाखवत होते आणि पुढे तिच्या आईची वाडी कशी आहे ते सांगणारं कोणीच नव्हतं. अशी हजारो घरं असतील त्या आठवड्यात मुंबईत.

इकडे आम्ही काय केलं, तर वाडीतली दोन पोरं मोटरसायकल घेऊन निघाली, झाडं तोडत, जिथे तोडता येत नव्हती तिथे गाडी उचलून पलीकडे घेत, जिथे रेंज मिळेल तिथपर्यंत जायचं असं ठरवून. निघायच्या आधी प्रत्येक घरातून मुंबईचा एक नंबर आणि एक निरोप शाळेच्या वहीत लिहून घेतला. ती वही अजून आहे आमच्याकडे. त्यात असं लिहिलंय, आई ठीक, कौलं गेली, येऊ नको. बाबा ठीक, गोळ्या आठ दिवस पुरतील. गाय वाचली, गोठा गेला. एकाने लिहिलंय सगळे ठीक, पैसे पाठवू नको बँक बंद आहे. काकीने सांगितलं होतं फक्त एवढंच लिही, मी जेवले. त्या पोरांनी लांब कुठेतरी चढणीवर रेंज मिळाल्यावर एकेक नंबर लावून ते निरोप वाचून दाखवले, पलीकडे लोक ढसाढसा रडत होते आणि ही पोरं पुढचा नंबर लावायला बघत होती कारण फोनची बॅटरी संपत आली होती. फोन चार्ज करायला गावात गाडीच्या बॅटऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. विसाव्या शतकात तारेने जे व्हायचं तेच आम्ही 2020 साली मोटरसायकलवरून केलं, आणि तार तरी तालुक्याच्या पोस्टापर्यंत तारेवरून यायची. ती सेवा सरकारने जुलै 2013 मध्ये बंद केली, कारण मोबाइल घरोघरी आला आता तिची गरज काय.

वादळ मोठं होतं हे मान्य. खांब पडणार हे मान्य. पण टॉवर पडले नव्हते हो. आमच्या बाजूचा टॉवर जसाच्या तसा उभा होता, आजही तोच आहे. तो मुका झाला कारण त्याला वीज नव्हती. हे नक्की कसं होतं ते मी टॉवरवर काम केलेल्या एका मुलाकडून समजून घेतलंय, ते थोडं सांगतो कारण पेपरात हे कधी येत नाही.

टॉवरच्या खाली जी कपाटं किंवा खोली असते तिच्यात 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांचा संच असतो. महावितरणची लाइट गेली की टॉवर आपोआप बॅटरीवर जातो. बॅटरी चांगली असेल तर काही तास, जुनी झाली असेल तर त्याच्याही आधी दम तोडते. त्यानंतर डिझेल जनरेटर, पण जनरेटर सगळ्या टॉवरना नसतो, आणि असला तरी डिझेल कोणीतरी आणून ओतावं लागतं, आणि वादळात रस्त्यावर झाडं पडलेली असताना ते आणणार कोण. शिवाय आधी त्या टॉवरवर टू जी होतं, मग थ्री जी, मग फोर जी, आता फाइव्ह जीची यंत्रं चढवली, प्रत्येक यंत्र वीज खातं, म्हणजे बॅटरी वाढवली नाही तर तीच बॅटरी आता आधीपेक्षा लवकर संपणार. आणि बऱ्याच ठिकाणी एकाच टॉवरवर दोन तीन कंपन्या भाड्याने राहतात, वीज एकच, बॅटरी एकच. त्यामुळे आम्ही दोन सिमं घेतली तरी दोन्ही एकदम गेली. दोन सिम म्हणजे दोन रस्ते असं गिऱ्हाइकाला वाटतं, ते तसं नसतं.

बरं टॉवरला वीज असली तरी पुरत नाही. टॉवर म्हणजे शेवटचं टोक, तिथून बोलणं पुढे जातं एक तर फायबरच्या केबलीने नाहीतर डिशने शेजारच्या टॉवरला. खेड्यात पुष्कळ ठिकाणी फायबर विजेच्या नाहीतर साध्या खांबांवरून ओढलेली असते, खांब पडला की ती तुटली. जमिनीतून नेली असेल तर रस्त्याच्या कामाचा जेसीबी ती तोडतो, मुंबई-गोवा हायवेचं काम चालू झाल्यापासून हे आम्हाला पाठ झालंय. खोदण्याआधी विचारा म्हणून केंद्राने मार्च 2023 मध्ये कॉल बिफोर यू डिग नावाचं ॲप काढलं, पण जेसीबीवाल्याला त्याची खबर आहे का हे तुम्हीच एकदा विचारून बघा. आणि डिशवर असेल तर मधल्या एका टॉवरची वीज गेली की त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे टॉवर जिवंत असून बंद.

यात अजून एक गोष्ट आहे जी माझ्या डोक्यातून जात नाही. आज मी मोबाइलवरून शेजारच्या वाडीत फोन केला तरी तो कॉल आधी लांब कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कंपनीच्या मशीनपर्यंत जातो आणि तिथून परत येतो. मधली लाइन तुटली की मी खालच्या वाडीत डॉक्टरला पण फोन लावू शकत नाही, जरी दोघांच्या डोक्यावर एकच टॉवर असला तरी. जुन्या गावच्या एक्स्चेंजचं तसं नव्हतं. 1984 ला सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सुरू झाली, तंत्रज्ञ सॅम पित्रोदांच्या काळात, तिथल्या आपल्याच इंजिनियर लोकांनी 128 लाइनींचं गावचं एक्स्चेंज बनवलं, धुळीत, उन्हात, एसीशिवाय चालेल असं. खेडोपाडी एका खोलीत ते बसवलं गेलं. त्याची खुबी अशी की बाहेरगावची लाइन तुटली तरी गावातल्या गावात फोन लागायचा, कारण जोडणी तिथेच व्हायची. आणि फोनच्या डब्याला वीज एक्स्चेंजमधूनच तांब्याच्या तारेने यायची, तिथे बॅटऱ्यांची मोठी रांग असायची, म्हणून घरातली लाइट गेली तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा. पावसाळ्यात रात्री अंधारात तो टोन ऐकून किती धीर यायचा हे माझ्या वयाच्या माणसांना विचारा.

आता त्या काळात सगळं सोन्याचं होतं असं माझं म्हणणं नाही. झाड पडलं की तार तुटायची, महिना महिना लाइनमन फिरकायचा नाही, कनेक्शनसाठी लोकांनी वर्षं काढली, एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर रेट कमी व्हायचे म्हणून रांगा लागायच्या. मला ते परत नकोय. पण आमच्या घरी लँडलाइन होती ती बंद करताना कंपनीने सांगितलं की तांब्याची लाइन आता ठेवत नाही, फायबर घ्या. फायबर घेतलं. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, त्याचा मॉडेम घरच्या लाइटवर चालतो, लाइट गेली की फोन गेला. म्हणजे जी एक गोष्ट जुन्यात चांगली होती ती नव्यात आलीच नाही आणि ती गेली हे कोणी मोजलं पण नाही. फायबर देताना मॉडेमसोबत एक छोटी बॅटरी द्या एवढं तरी कोणी म्हणावं की नाही.

आता कायद्याचं. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, 2024 मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम आणले, चांगले आहेत, जिल्हाभर सेवा चार तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर कंपनीने ट्रायला कळवायचं, चोवीस तासांच्या वर गेली तर ग्राहकाला भाड्यात सूट नाहीतर प्रीपेडला मुदत वाढवून द्यायची. वाचून बरं वाटलं. मग नीट वाचलं. एक तर हिशोब जिल्ह्याचा आहे. रत्नागिरी शहरात, चिपळूणला, खेडला फोन चालू असेल आणि बाणकोट वेळास केळशीला आठ दिवस बंद असेल तर जिल्हा बंद धरणार का? नाही धरणार. आणि दुसरं, नैसर्गिक आपत्तीमुळे बंद पडलं तर ही भरपाई लागू नाही. आम्हाला भरपाईचे ते दहा वीस रुपये नकोच आहेत. पण ज्या कारणाने आमचं नेटवर्क सगळ्यात जास्त दिवस जातं नेमकं तेच कारण नियमातून वगळलं तर बॅटरी वाढवायची गरज कंपनीला का वाटावी? अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा येणार हे काय नवीन आहे. आपत्ती वाऱ्याची, पण बॅटरी रिकामी असणं ही आपत्ती नव्हे, ते काम कोणीतरी केलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल एका कोपऱ्यातल्या तालुक्याचं एवढं काय. पण बघा ना, 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला ते पहिल्यांदा कळलं एका एसटी ड्रायव्हरमुळे, तो गाडी घेऊन तिथून जात होता आणि त्याला गावच दिसेना. पुण्यासारख्या शहराच्या जिल्ह्यात. 22 जुलै 2021 ला महाडच्या तळियेत दरड आली, ऐंशीच्या वर माणसं गेली, मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच दिवशी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत, लोक माळ्यावर, गच्चीवर, फोनला रेंज नाही आणि ज्यांना होती त्यांच्या फोनला चार्जिंग नाही. दरडीत माती सरकली की नंतर प्रत्येक तास मोजून असतो. कोणी वाचलं असतं की नाही हे मी सांगू शकत नाही आणि सांगणार पण नाही, पण निरोप लगेच पोचला असता तर माणसं लवकर धावली असती.

मोबाइलवर आता मोठ्याने वाजणारा इशारा येतो, 2023 मध्ये त्याची चाचणी झाली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आणि लोक घाबरले होते, ते सी-डॉटचंच काम. फार उपयोगी गोष्ट आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण तो इशारा सरकारकडून आमच्याकडे येतो, वादळाच्या आधी, टॉवर जिवंत असताना. वादळानंतर आमच्याकडून सरकारकडे जायला काय आहे? आमच्याकडून वर जाणारा रस्ताच बंद असतो, म्हणून मग तहसीलदार कचेरीत कुठल्या गावाची खबर नाही याची यादी करतात आणि खबर नाही म्हणजे सगळं ठीक असेल असं धरून चालतात. ज्या गावातून काहीच कळत नाही तिथेच सगळ्यात वाईट झालेलं असतं, हे निसर्गमध्ये आम्ही भोगलंय.

हे जगात कुठे कोणी सोडवलंच नाही असं पण नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2020 मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं की जिथे वणव्याचा धोका जास्त तिथे लाइट गेल्यावर 72 तास सेवा चालू राहिली पाहिजे. जपानात कोबेच्या भूकंपानंतर 1998 पासून 171 हा नंबर आहे, आपत्तीत तिथे फोन करून आपला निरोप रेकॉर्ड करून ठेवायचा आणि नातेवाइकांनी तोच नंबर फिरवून तो ऐकायचा. आई ठीक, कौलं गेली, येऊ नको, असा निरोप ठेवायची सोय. आपल्याकडे एवढे सॉफ्टवेअरवाले आहेत, हा एक नंबर आपल्याला करता येणार नाही?

आणि आपल्याच देशात बघा. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते योजना सुरू झाली, मच्छीमार बोटींवर इस्रोने बनवलेले ट्रान्सपॉन्डर बसवायचे, एक लाख बोटींवर, त्यातून उपग्रहामार्गे दोन्ही बाजूंनी मेसेज जातो. म्हणजे जिथे टॉवर असूच शकत नाही अशा भर समुद्रातल्या बोटीवरून मेसेज पाठवता येतो. मग किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीत असाच एखादा डबा आणि सोबत एक सोलर पॅनल का बसवता येत नाही? लाख नको, दरडीच्या आणि वादळाच्या यादीतली गावं सरकारकडे आहेत, तेवढी घ्या. सॅटेलाइट फोन आपल्या आपण विकत घेता येत नाही, त्याला केंद्राची परवानगी लागते, ते सुरक्षेसाठी आहे आणि बरोबरच आहे, पण मग ते सरकारनेच द्यायला हवं. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने उपग्रहाच्या इंटरनेटसाठी स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिवची नावं आली, त्या भागांना पहिलं मिळालंच पाहिजे, तिकडे तर पुष्कळ दुर्गम गावांत बाराही महिने रेंज नाही. त्यांच्यानंतर किनाऱ्यावरचे आणि घाटातले तालुके घ्या एवढंच म्हणणं आहे.

पैसा नाही असं तर कोणी म्हणूच नये. कंपन्यांच्या कमाईतून पाच टक्के खेड्यापाड्याच्या सेवेसाठी बाजूला काढले जातात, त्या फंडाला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. त्याच्यातून 26,316 कोटींची योजना 2022 मध्ये मंजूर झाली, 24,680 गावांना फोर जी द्यायची, जिथे पोचलं नाही तिथे. ते टॉवर उभे राहतायत, आनंदच आहे. त्याच फंडातून उभ्या असलेल्या टॉवरच्या बॅटऱ्या पण मोठ्या करता येतील की. आणि आपत्तीत एका कंपनीचा टॉवर चालू आणि दुसऱ्याचा बंद असेल तर दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाने पहिल्याच्या टॉवरवरून बोलायची सोय आपल्याकडे आहे, इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात, वादळात दूरसंचार विभाग ती चालू करतो. पण ती चालू करायचा हुकूम निघेपर्यंत वाट बघायची काय गरज, किनाऱ्याला रेड अलर्ट लागला की आपोआप चालू झाली पाहिजे. आणि फोनवाल्यांनी लोकांना मेसेज करून सांगितलं पाहिजे की आता सिममध्ये काय सेटिंग करायची, नाहीतर सोय असते आणि गावात कोणालाच ठाऊक नसते.

महावितरणने पण एक गोष्ट करावी. लाइट परत जोडताना दवाखाना आणि पाण्याचा पंप आधी घेतात तसा टॉवरचा फीडर, म्हणजे टॉवरला वीज देणारी लाइन, पण त्याच यादीत हवा. टॉवर लागला की वायरमनला पण काम सोपं, कुठे काय तुटलंय ते लोक फोन करून सांगतील.

आणि पोरांसाठी एक. 2001 ला भुजच्या भूकंपात सगळं बंद पडलं तेव्हा हॅम रेडिओवाल्यांनी, म्हणजे हौसेने स्वतःचा बिनतारी सेट चालवणाऱ्यांनी, निरोप पोचवायचं काम केलं होतं. त्याची परीक्षा देऊन लायसन घेता येतं, सेट गाडीच्या बॅटरीवर चालतो, मधे कुठलीच कंपनी नाही आणि टॉवर नाही. आमच्या तालुक्यात कॉलेज आहे, एनएसएसची पोरं आहेत, दहा जणांनी लायसन घेतलं तरी पुष्कळ. मी स्वतः दोन मुलांच्या मागे लागलोय परीक्षेसाठी.

संपादक साहेब, तुमच्याकडे माझी एक मागणी आहे. दरवर्षी मे अखेर तुम्ही पावसाळ्याच्या तयारीच्या बातम्या छापता, नालेसफाई किती टक्के, धरणात पाणी किती, होड्या किती, एनडीआरएफच्या तुकड्या कुठे. त्याच्यात अजून एक रकाना घाला. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या प्रत्येक तालुक्यात टॉवर किती, त्यातल्या किती ठिकाणी जनरेटर आहे, लाइट गेल्यावर बॅटरी किती तास चालते आणि ती शेवटची कधी तपासली. कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकायचं बंधन ट्रायने कंपन्यांवर घातलंच आहे, तर बॅटरीचे तास सांगायला काय हरकत आहे. कंपन्यांना विचारा, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाला विचारा, कोणी उत्तर दिलं नाही तर उत्तर दिलं नाही असं छापा. आमच्या पंचायतीकडून मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय, उत्तर आलं की तुम्हाला पाठवतो, बाकीच्या तालुक्यांतल्या वाचकांनी पण आपापल्या गावचं पाठवावं अशी त्यांना विनंती करा. 1 जूनच्या आत छापलं तर अजून बॅटऱ्या बदलायला आणि डिझेल भरून ठेवायला वेळ आहे.

आपला,
एक नियमित वाचक
ता. मंडणगड, जि. रत्नागिरी